एकशे एकवीस डिग्रीचं सोनं

इंदुरात आमच्या राजेंद्र नगरातल्या गल्लीत मला नावाने कोणी ओळखत नाही. "वो चूहेवाली मैडम" असं विचारलं की भाजीवालासुद्धा आमच्या फाटकाकडे बोट दाखवतो. आईला या गोष्टीचा फार राग. आमच्या घराण्यात संस्थानच्या काळापासून कचेरीत कलम चालवणारी माणसं. "पणजोबा दप्तरात, आजोबा दप्तरात, बाबा शाळेत मास्तर, आणि ही उंदरांना जेवू घालते," असं ती आल्यागेल्यासमोर म्हणते आणि वर पुस्ती जोडते, "त्यांच्या पूर्वजांनी आपली दप्तरं कुरतडली असतील, त्याची बक्षिसी." तिचा हा विनोद मी कित्येक वर्षं ऐकतेय आणि अजूनही हसते.

माझी नोकरी राऊच्या पुढे, मानपुरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका संशोधन संस्थेत. तिथल्या एका खोलीची मी प्रमुख. खोलीत काचेसारख्या स्वच्छ पिंजऱ्यांची मांडणी आणि त्या पिंजऱ्यांत बिनकेसांचे उंदीर. गुलाबी, सुरकुतलेले, कान मोठे, मिशा वाकड्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला शिसारी येते. मलाही आली होती. पण आठवड्याभरात ती गेली, आणि पुढे पुढे तर मला गल्लीतल्या मांजरीच अंगभर लोकर घातल्यासारख्या विचित्र दिसायला लागल्या.

या उंदरांचं वैशिष्ट्य केस नसणं हे नाही, ते तर नुसतं वरवरचं. आपल्या अंगात परकं काही शिरलं की शरीर ते ओळखतं आणि हाकलून देतं. हाकलणारी ती फौज या उंदरांत जन्मापासूनच अपुरी असते. म्हणून माणसाच्या गाठीचा कण त्यांच्या कातडीखाली ठेवला तर तो तिथे रुजतो, वाढतो, आणि त्या गाठीवर कोणतं औषध चालतं हे रोग्याच्या आधी तिथे बघता येतं. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या गाठी येतात. आपल्याकडे गुटखा किती खातात ते सांगायला नको. पण जो उंदीर परक्या गाठीला हाकलू शकत नाही तो साध्या जंतूलाही हाकलू शकत नाही. तुम्हाआम्हाला ज्याने शिंकसुद्धा येणार नाही त्याने हा जीव जातो.

म्हणून त्यांच्या खोलीत जे जे जातं ते आधी शिजवतात. दाणे, पाणी, भुसा, पिंजरे, घरटं करायला द्यायचे मऊ कागद, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये जातं. ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचाच थोरला भाऊ. एकशे एकवीस डिग्रीची दाबाखालची वाफ, त्यात कोणी जिवंत राहत नाही. प्रत्येक पुड्यावर एक पट्टी चिकटवतात. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या होतात. काळी रेघ नाही तर पुडा आत नाही. माणसाला मात्र शिजवता येत नाही, म्हणून त्याने आंघोळ करायची, आतले शिजवलेले कपडे घालायचे, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे आणि मगच दार उघडायचं. आंघोळ डोक्यावरून, असं भिंतीवरच्या नियमात लाल अक्षरात लिहिलं होतं. ती लाल अक्षरं माझीच होती.

नियमांच्या बाबतीत मी कशी आहे ते आता कबूल करून टाकते. राग माझ्या नाकावर असतो आणि जिभेला हाड नाही. कोणी खोलीच्या दाराजवळ समोशाची पुडी घेऊन दिसला तर माझा आवाज मानपुरला ऐकू जातो. आणि हे शहर असं की इथे माणूस पुडीशिवाय दिसतच नाही. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञाला मी शर्टाच्या खिशातून शेवेची पुडी काढायला लावली होती. तो म्हणाला, मी तर आत्ताच इंदूरला आलोय. म्हटलं, तेवढं पुरतं.

मानपुरला आवाज जातो म्हटलं ते उगीच नाही. माझ्या खोलीचा खरा आधार मानपुरहून रोज बसने यायचा. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त, मिशा पिकलेल्या, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. ऑटोक्लेव्ह चालवणं, पिंजरे धुणं, पुडे बांधणं हे त्यांचं काम. साऱ्या इंदुरात कोणालाही हाक मारतात तशी मीही त्यांना 'भिया' म्हणायची आणि ते मला 'मैडमजी'. मी संस्थेत आले त्याच्याही आधीपासून ते तिथे होते, ठेकेदाराकडून, कायम न झालेले. मशीनचा आवाज ऐकून ते सांगायचे की आज वाफ नाराज आहे, आणि अर्ध्या तासाने खरंच काहीतरी बिघडायचं. चहाच्या वेळी ते मला मानपुरच्या गोष्टी सांगायचे. हायवेवरच्या ढाब्याची म्हैस रोज बरोब्बर चारला ट्रक अडवून कशी उभी राहते, वगैरे. माझ्या दिवसातला तो चांगला पाऊण तास असायचा.

दरवर्षी दसऱ्याला ते ऑटोक्लेव्हची पूजा करायचे. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. मी परवानगी दिली होती, पण अटींवर. पूजा बाहेरच्या बाजूने, दाराला आणि झडपेला हात न लावता, नारळ गेटाबाहेर फोडायचा. ते हसून म्हणायचे, "हओ मैडमजी, भगवान भी बाहर ही खड़े रहेंगे." पूजा झाली की गेटाशी उभे राहून सगळ्यांना आपट्याची पानं वाटायचे. आपल्या मराठी लोकांसारखं सोनं लुटणं त्यांनी आमच्यासारख्यांच्या संगतीत उचललेलं, आणि ते आमच्यापेक्षा जास्त मनापासून करायचे.

आता तो दसरा.

उंदरांना दसऱ्याची सुट्टी नसते. सकाळीच मी न्हाले, अगदी तेल-शिकेकाईचं साग्रसंगीत न्हाणं. आईने पाटावर शस्त्रं मांडली होती. बाबांचं फाउंटन पेन, माझी पुस्तकं, विळी, मिक्सर आणि टीव्हीचा रिमोट. प्रत्येकावर आपट्याचं एकेक पान. पूजा झाल्यावर तिने दोन पानं माझ्यापुढे धरली.

"ही तिथे ठेव, तुझ्या चूहा लोकांसमोर. ज्याच्यावर आपलं घर चालतं त्याच्यापुढे सोनं नको ठेवायला?"

"आई, तिथे मी स्वतः आंघोळ करून जाते. झाडाचं पान नेऊ आत? त्याच्यावर किती जंतू असतात माहितीय?"

"देवाला चालतं."

"देवाला प्रतिकारशक्ती आहे," मी म्हणाले.

आई गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, तिने दुसरा रस्ता शोधलाय. पण मला घाई होती. मी वाकून नमस्कार केला, तिने डोक्यावरून हात फिरवला, अंबाड्याची पिन नीट केली, "जा, जल्दी ये, बासुंदी आहे" म्हणाली आणि मी निघाले.

गेटाशी भिया पानं घेऊन उभे होते. नवा शर्ट, कपाळावर टिळा. त्यांनी दोन्ही हातांनी पान पुढे केलं. "सोना लो मैडमजी, सोने जैसे रहो." माझे हात स्वच्छ, डोक्यात आतल्या कामांची यादी. "बाद में भिया, बाद में. अंदर जा रही हूँ, बाहर का कुछ नहीं चाहिए," असं म्हणत मी त्यांच्या हाताला वळसा घालून पुढे गेले. ते पान त्यांच्याच हातात राहिलं.

आत मात्र खरा सण होता. तीन नंबरच्या पिंजऱ्यात पाळणा हलला होता. बिनकेसांच्या माद्यांना दूध नीट येत नाही, म्हणून आई केसाळ आणि बाप बिनकेसाचा अशी जोडी लावतात. निम्मी पिल्लं बापावर जातात, निम्मी आईवर. आमच्या या जोडीकडे तीन महिने काही होत नव्हतं आणि पुढचा सगळा अभ्यास याच पिल्लांसाठी अडला होता. आज घरट्यात शेंगदाण्याएवढे नऊ जीव वळवळत होते. मला इतका आनंद झाला की मी त्या बाळंतिणीला घरट्यासाठी नेहमीपेक्षा दुप्पट कागद दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन नंबरमध्ये डोकावले तर घरट्यात हिरवं काहीतरी दिसलं. चिमट्याने बाजूला केलं. आपट्याचं पान. अर्धं कुरतडून तिने कागदाच्या चिंध्यांत नीट गुंफलेलं, आणि त्यावर पिल्लं झोपलेली.

मी पिंजरा बंद केला, कपडे बदलले. पाच मिनिटांनी मी बाहेर आले तीच ओरडत. पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. भिया ऑटोक्लेव्हशी उभे होते, झेंडूची माळ अजून मशीनवर होती. मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले की तुम्हाला पूजा कळते, काम कळत नाही. इतकी वर्षं इथे राहून अडाणी ते अडाणीच राहिलात. तुमच्या एका पानापायी माझी अख्खी खोली मरेल. मी नाही ठेवलं, असं त्यांनी एकदाच, आपल्या माळवीत सांगितलं, "म्हने नी रख्यो, मैडमजी." मी म्हटलं, मग काय उंदीर बाजारात गेले होते सोनं घ्यायला? त्यांनी मशीनवरची माळ स्वतःच्या हाताने काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

आमचे सर, संस्थेचे प्रमुख, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, खोली महिनाभर बंद. नवीन उंदीर येणार नाही, इथला बाहेर जाणार नाही. आमच्या खोलीत एका पिंजऱ्यात साधे, केसाळ, धडधाकट उंदीर असतात. बाकी सगळ्या पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा थोडा थोडा त्यांच्याकडे टाकतात. खोलीत एखादा जंतू शिरला असेल तर यांचं शरीर त्याच्याशी लढतं आणि लढल्याची खूण रक्तात उरते. भिया या पिंजऱ्याला 'चौकीदार' म्हणत. महिन्याने चौकीदारांचं रक्त तपासायला बाहेरगावी जाईल. त्यात खूण सापडली तर खोलीतला एकूण एक उंदीर मारून टाकायचा, खोली धुऊन काढायची आणि सगळं पहिल्यापासून. "एक भी नहीं बचेगा, आप जानती हैं," सर म्हणाले. दुसरी गोष्ट, तोपर्यंत भिया बाहेरच्या गोदामात काम करतील, आणि अहवाल वाईट आला तर ठेकेदार त्यांना काढेल.

संध्याकाळी मी घरी आले ती फणफणतच. आई देवापाशी वाती वळत होती. मी पर्स टाकली, तर तिनेच हौसेने विचारलं, "काय गं, काल विचारायचं राहिलंच, पोचलं का सोनं?"

"कुठलं सोनं?"

"अगं, चूहा लोकांचं. तू तर नेणार नव्हतीस. मग मी तुझ्या अंबाड्यात खोचून दिलं, पिनेच्या खाली. म्हटलं हिच्या डोक्यावर बसून तरी जाईल. तू तिथे उभी राहिलीस म्हणजे त्यांच्यासमोर ठेवल्यासारखंच की नाही?"

मी खुर्चीवर बसले. आदल्या सकाळची एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली. घरी सणाचं न्हाणं झालं होतं, केस अजून ओलसर होते, म्हणून संस्थेत मी अंबाड्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवून नुसती अंगावरून आंघोळ केली होती. सकाळीच तर न्हालेय, आणखी किती न्हायचं? मग आत टोपी सैल झाली म्हणून मी ती सोडून पुन्हा बांधली होती, आणि तेव्हा माझ्यासमोर घरट्याच्या कागदांची थप्पी उघडी होती. तीच थप्पी मी हौसेने, दुप्पट, तीन नंबरमध्ये घातली होती.

मी आईला सगळं सांगितलं. पान, पिल्लं, भिया, माळ. आईच्या हातातली वात तशीच राहिली. ती म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. पान तुझ्या डोक्यात, आणि बोलणी त्या बिचाऱ्याला." मग तिचा चेहरा एकदम पडला. "पण खोचलं तर मी. माझ्यामुळे मरतील का गं सगळे?"

खरं सांगायचं तर एक घोट चहा पिईपर्यंत माझ्या मनात आलं की कोणाला कळणार आहे? पान आईने खोचलं हे आम्हा दोघींनाच माहीत. पण दुसऱ्या घोटाला ती माळ आठवली, घडी घालून खिशात ठेवलेली. चहा काही पुढे गेला नाही.

"उद्या मी पण येते," आई म्हणाली. "चूक माझी आहे. आणि तुझ्यावर माझा भरोसा नाही, तू माफी मागतानाही भांडशील."

दुसऱ्या दिवशी चंदेरी साडी नेसून, बासुंदीचा डबा घेऊन आई माझ्या स्कूटरवर मागे बसून संस्थेत आली. आयुष्यात पहिल्यांदा. सरांनी तिला खुर्ची दिली, आणि तिने पाऊण मिनिटात सगळं कबूल केलं. "ये बिलकुल निर्दोष नहीं है," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "लेकिन पत्ता मैंने डाला." सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. ते हसू दाबतायत हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. मग त्यांनी मला लेखी ताकीद दिली, ती मी हक्काची म्हणून घेतली. आणि सांगितलं की अहवाल वाईट आला तर खोलीची जबाबदारी माझ्याकडून जाईल. भियांना त्यांनी त्याच क्षणी परत बोलावलं.

भिया गोदामातून आले. मी सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाले, "भिया, गलती मेरी थी. पत्ता मेरे सिर में था. मैंने आपको जो बोला वो बहुत बुरा बोला." ते मान खाली घालून ऐकत होते. "रेन दो मैडमजी," ते म्हणाले, "चूहों के खाने का टाइम हो गया." आणि कामाला लागले. आईने बासुंदी पुढे केली तर त्यांनी ती दोन वाट्या प्यायली, "माताजी, सोना तो सोना है, कोई भी ले जाए" असंही म्हणाले. पण ते आईशी. माझ्याशी कामापुरतं. चहाच्या वेळी मी म्हशीची चौकशी केली, तर म्हणाले, "ठीक है." बस्स.

मग तो महिना. आईने नवस केला की अहवाल चांगला येईपर्यंत शेव खाणार नाही. बाहेरच्या वाचकांना यातला त्याग कळणार नाही. आमच्या घरी पोह्यावर शेव, वरणभातावर शेव, आमरसाशेजारी शेव. आईचे दात गेले तरी शेव गेली नव्हती, ती भिजवून खायची. आता ती ताटासमोर बसून सुस्कारे सोडायची आणि मला विचारायची, "पिल्लांनी डोळे उघडले?"

उघडले. चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच आईवर गेलेली चार मखमली दिसायला लागली आणि बापावर गेलेली पाच तशीच गुलाबी राहिली. मी रोज डोक्यावरून आंघोळ करत होते, केस वाळायला तास लागायचा. शेवटी कंटाळून ते खांद्याच्या वर कापून टाकले. आईला पान खोचायला अंबाडाच उरला नाही. पिंजऱ्यापाशी मी श्वास धरून बघायची. कोणी आळसावलंय का, कोणाची पाठ वाकलीय का? कोणी नाही. पाचही गुलाबी पोरं एकमेकांच्या अंगावर चढून दूध पीत होती आणि सगळ्यांत लहान होती ती कायम सगळ्यांच्या वर.

एक दिवस आईने विचारलं, "पुढे अभ्यासात ते मरणारच ना? मग आता कशाला इतका जीव टाकतेस?" हा प्रश्न मला नवा नव्हता, मी स्वतःलाच खूपदा विचारलेला आहे. मी म्हटलं, "आई, जो जीव आपण कामासाठी घेतो तो फुकट जाऊ द्यायचा नाही, आणि जगेल तोवर त्याला काही दुखूखुपू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. माझ्या निष्काळजीपणाने गेला तर त्याला काही अर्थच उरत नाही." मला वाईट वाटतं का? वाटतं. आजही. पण गाठ घेऊन येणाऱ्या माणसांचे चेहरेही मी पाहिलेत. आई म्हणाली, "मग त्या सगळ्यांत छोटीला जरा जास्त कागद दे."

दिवाळी आली नि गेली. चकल्या झाल्या, चिवडा झाला, आईने शेवेचा सोऱ्या फडताळातून काढलासुद्धा नाही. दिवाळीच्याच आठवड्यात पिल्लं आईपासून वेगळी केली. नऊच्या नऊ. भियांनी त्यांचे नवे पिंजरे स्वतः धुतले, दोनदा. चौकीदारांचं रक्त गेलं. मग तुळशीचं लग्न झालं आणि तरी अहवाल नाही. मी रोज सकाळी सरांच्या दारावरून तीनदा जायची. त्याच दारावरून भियाही काहीतरी काम काढून जायचे, आणि आम्ही एकमेकांना दिसलो की दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर बघायचो.

अहवाल आला तो मंगळवारी, दुपारी. सर खोलीतून स्वतः उठून आले, हातात कागद. "क्लीन," ते म्हणाले, "एकदम क्लीन. चौकीदार ने कुछ नहीं देखा." मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसायला लागले. भिया धावत ऑटोक्लेव्हकडे गेले. काय झालं म्हणून आम्ही मागे गेलो तर ते मशीनला दोन्ही हात टेकवून उभे होते, आणि त्यांच्या मिशा ओल्या होत्या. मी आईला फोन केला. पलीकडून आधी "जय हो" आलं, आणि लगेच फडताळ उघडल्याचा आवाज.

त्या संध्याकाळी आई मला घेऊन पलासियाला गेली. भर गर्दीत, फूटपाथवर उभी राहून, तिने पोह्याची प्लेट घेतली आणि पोहेवाल्याला सांगितलं, "भिया, सेव डालते जाओ, मैं बोलूँ तब रुकना." ती बराच वेळ काही बोललीच नाही. पोहेवाल्याने शेवटी माझ्याकडे बघितलं.

खोली वाचली, जिम्मेदारी माझ्याकडे राहिली, पिल्लं अभ्यासाला लागली. वर्ष चांगलं गेलं. भिया कामात कुठेच कमी पडले नाहीत. पण म्हशीच्या गोष्टी काही परत आल्या नाहीत. हाताने काढलेली माळ कोणाला पुन्हा घालता येत नाही. तोंडातून गेलेल्या शब्दांचं मी काय करणार होते? दुसऱ्यांदा माफी मागायचं धाडस झालं नाही.

पुढच्या दसऱ्याला आईने मला दारातच उभं करून माझी मान, कान, खिसे तपासले. "जा, काही नाही," ती म्हणाली. गेटाशी आले तर भिया तिथे नव्हते. ऑटोक्लेव्हवर माळही नव्हती. मला चुकल्यासारखं झालं. डोक्यावरून आंघोळ केली, कपडे बदलले, आत गेले. पुडे आत घ्यायला भिंतीत एक दुहेरी दाराची काचेची पेटी आहे, तिच्यात बाहेरून एक पुडा ठेवलेला दिसला. छोटा, तळहाताएवढा. माझ्या यादीत असला पुडा नव्हता. पट्टी पाहिली. रेघा काळ्याकुळकुळीत.

काचेपलीकडे भिया उभे होते. नवा शर्ट, टिळा. त्यांनी भिंतीवरचं बोलायचं बटण दाबलं.

"सर से पूछ लिया है, मैडमजी. घरटे का सामान करके लिखवा दिया." 'घरटं' हा आमचाच मराठी शब्द ते वापरायचे. "खोलो."

मी पुडा उघडला. आत आपट्याची दोन पानं, वाफेने तपकिरी झालेली, वाळून कुरकुरीत.

"एक तीन नंबर वालों का," ते म्हणाले. "एक सौ इक्कीस डिग्री पे, पूरा टाइम, दो बार चलाया." आणि मग, "दूसरा आपका. पिछले साल आपने लिया नहीं था."

मी हातमोज्यातला हात पुढे केला आणि ते पान कपाळाला लावलं. मास्कमध्ये माझं नाक वाहत होतं आणि ते पुसायला नियमाप्रमाणे मनाई होती. भियांनी पुन्हा बटण दाबलं.

"और सुनो, वो भैंस," ते म्हणाले, "उसको पाड़ी हुई है. अब दोनों मिल के ट्रक रोकती हैं."